चावट पोरांचे सिनेमे आणि शेवटी बसणारा घाव : 'द लास्ट अमेरिकन व्हर्जिन' आणि त्याचे सख्खे-चुलत

पडद्यामागचा

हा धागा एका सिनेमाच्या शेवटच्या पाच मिनिटांबद्दल बोलायला काढतोय, म्हणजे शेवट फोडणारच आहे. 'द लास्ट अमेरिकन व्हर्जिन' (१९८२) ज्यांना कोऱ्या मनाने बघायचा असेल त्यांनी आधी बघून या, धागा कुठे पळून जात नाही.

लॉस एंजेलिसमधले तीन शाळकरी मित्र. गॅरी लाजाळू, शाळा सुटल्यावर गुलाबी रंगाच्या गाडीतून घरोघरी पिझ्झा पोचवतो. रिक देखणा, पोरींना हातोहात पटवणारा. डेव्हिड जाडा आणि हसरा. पहिला तासभर सिनेमा त्या काळच्या चावट सिनेमांच्या ठरलेल्या वाटेने जातो. साखरेऐवजी चहा-कॉफीत घालायची पूड कोकेन म्हणून पोरींना हुंगायला देतात. पिझ्झा मागवणाऱ्या बाईकडे तिघंही नंबर लावतात आणि ऐनवेळी तिचा खलाशी मित्र दारात हजर होतो. शाळेत कपडे बदलायच्या खोलीत पट्टी घेऊन मोजमापं होतात. एका वेश्येकडे जाऊन येतात आणि नको त्या जागच्या उवा घेऊन परततात, मग औषधाच्या दुकानात काउंटरपलीकडच्या माणसाला नेमकं काय सांगायचं यावरून त्रेधा उडते. यातलं काही खरंच हसवतं, काही आज बघवत नाही.

मग कॅरन येते. गॅरी पहिल्या नजरेत गारद. तिला आपल्या गाडीतून सोडता यावं म्हणून तिच्या मोपेडच्या चाकातली हवा काढण्यापर्यंत मजल जाते. पण तिला पटवतो रिक. तिला दिवस जातात आणि रिक हात झटकून मोकळा होतो. सिनेमा वळतो तो शाळेच्या ग्रंथालयात. रिक तिला ज्या सहजतेने झिडकारतो ते बघून गॅरी त्याच्या अंगावर धावून जातो. एवढा वेळ हसत खेळत चाललेली मैत्री पुस्तकांच्या कपाटांमध्ये सगळ्यांदेखत मोडते.

सुट्टीत बाकीची पोरं स्कीइंगला जातात, गॅरी मागे राहतो. वस्तू विकतो, मालकाकडून उसने घेतो, कॅरनला गर्भपातासाठी घेऊन जातो, नंतर आजीच्या रिकाम्या घरी तिची काळजी घेतो. तिला भेटायला जाताना पिशवीभर संत्री आणि ख्रिसमसचं छोटं झाड नेतो. तिथेच धीर करून मनातलं सांगतो. ती त्याला जवळ घेते, वाढदिवसाला ये म्हणते. तो तिचं नाव कोरलेलं लॉकेट घेऊन जातो, तिला शोधत स्वयंपाकघरात डोकावतो, तर ती रिकच्या मिठीत. दोघं एकमेकांकडे बघतात. कोणी एक शब्द बोलत नाही. गॅरी बाहेर पडतो, गाडी चालवताना त्याच्या डोळ्यांना धार लागलेली असते, जेम्स इनग्रमच्या आवाजात 'जस्ट वन्स' सुरू होतं आणि सिनेमा संपतो. पुढे काही नाही. दुसरी मुलगी नाही, मित्राचा खांद्यावर हात नाही.

माझं म्हणणं असं की हा घाव इतका खोल जातो तो आधीच्या तासाभराच्या चावटपणामुळेच. हाच शेवट एखाद्या गंभीर प्रेमकथेला लावला असता तर आपण पहिल्यापासून मनाची तयारी करून बसलो असतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो तासभर आपण रिकच्या बाजूने हसत असतो. पोरींना बनवणं, वापरून पुढे जाणं, हे सगळं त्याच्या बाबतीत गंमत म्हणून आपण खपवून घेतो. नंतर तो कॅरनशी जे वागतो ते त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. बदलते ती आपण बसलेलो असतो ती बाजू. हे फार कमी सिनेमांना साधलंय.

तुमचं मत सांगा, आणि या जातीचे आणखी सिनेमे सुचवा.

---

रागदारी_ते_रॉक

सुंदर लिहिलंय. गाण्यांबद्दल भर घालतो. इतक्या कमी खर्चाच्या सिनेमात द कार्स, द पोलीस, डेव्हो, जर्नी, आरईओ स्पीडवॅगन, ब्लाँडी अशी बँडची रांग लागलीय की नुसतं ऐकत बसावं.

गर्भपाताच्या प्रसंगावर यू-टूचं 'आय विल फॉलो' वाजतं. यू-टूचा गायक बोनो चौदा वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि हे गाणं तिच्यावर आहे, आईच्या मायेवर. ते माहीत असलं की तो प्रसंग वेगळाच होऊन बसतो. दिग्दर्शकाने मुद्दाम निवडलं की चाल आवडली म्हणून घेतलं, कोण जाणे. पण कॅरन तिकडे आत आहे, गॅरी बाहेर पैशांसाठी धावतोय आणि वर ते गिटार टणत्कार करत राहतं. रडकं व्हायोलिन लावलं असतं तर प्रसंग मेला असता.

'जस्ट वन्स' क्विन्सी जोन्सच्या १९८१च्या 'द ड्यूड' अल्बममधलं, लिहिलंय बॅरी मॅन आणि सिंथिया वाइल या नवरा-बायकोने. आपल्याकडून काय चुकतंय, नेहमी शेवटी निरोपावरच का येतं, असं विचारणारं गाणं. ते मोठ्या माणसांच्या संसाराचं दुःख आहे आणि इथे ते एका पिझ्झावाल्या पोराच्या तोंडावर येऊन पडतं. तरी शोभतं, कारण त्या वयात दुःख तेवढंच मोठं असतं.

---

चैत्रपालवी

लेख आवडला, पण एका गोष्टीवर माझा ठाम विरोध आहे आणि तो नोंदवायलाच हवा.

या सिनेमाबद्दल जिथे जिथे वाचावं तिथे कॅरनला शिव्या घातलेल्या असतात. 'धोकेबाज', 'इतकं केलं त्याने तरी...' वगैरे. इतकं केलं म्हणजे काय? तिने मागितलं होतं का? गॅरीने मदत केली ती चांगलीच गोष्ट आहे, पण त्या मदतीचं बिल प्रेमाच्या रूपात वसूल व्हावं ही अपेक्षा कुठून आली? आणि हाच गॅरी तिच्या मोपेडची हवा काढून स्वतः तारणहार बनून उभा राहिला होता. ते तिला त्याने कधी सांगितलेलं नाही. आपण ते गोड मानतो कारण कॅमेरा त्याच्या बाजूला आहे.

सतरा-अठराची मुलगी. नको असलेलं गरोदरपण, ते निस्तरून काही आठवडे झालेत. ज्याच्यावर जीव जडला होता तो परत आला आणि तिने त्याला घरात घेतलं. चूक असेल, मूर्खपणा असेल, पण तो तिच्या आयुष्यातला आहे. सिनेमात एकही प्रसंग असा नाही जिथे ती एकटी बसलेली आहे आणि तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतंय. काळीज तुटलं म्हणता ते आधी ग्रंथालयात तिचं तुटलं होतं. तिथे मात्र प्रेक्षकांचं लक्ष मारामारीकडे.

त्यापेक्षा त्याच वर्षी, दोन आठवड्यांच्या अंतराने आलेला 'फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमाँट हाय' बघा. दिग्दर्शक एमी हेकरलिंग, लेखक कॅमरन क्रो. क्रो सॅन दिएगोच्या एका शाळेत विद्यार्थी म्हणून राहून आला होता, त्यावर त्याने पुस्तक लिहिलं आणि त्याचाच हा सिनेमा. त्यातही भरपूर चावटपणा आहे. गाजर घेऊन दिलेलं प्रशिक्षण तर सगळ्यांना आठवत असेल. पण पंधरा वर्षांच्या स्टेसीचा पहिला अनुभव हेकरलिंग कसा दाखवते बघा. अंधारातली बेसबॉलच्या मैदानावरची बाकं, आणि कॅमेरा मुलाकडे नसून तिच्या डोळ्यांतून वर छताकडे, भिंतीवर कोणीतरी खरडलेल्या अक्षरांकडे बघतोय. सुख नाही, दुःख नाही, नुसतं 'हे चाललंय' एवढंच.

पुढे डेमोन नावाच्या पोरापासून तिला दिवस जातात. ती त्याच्याकडे जाऊन रडत नाही की लग्न कर म्हणत नाही. दीडशे डॉलर लागणार आहेत, अर्धे तू दे आणि मला तिथे सोड, एवढंच. तो येत नाही. मग ती मोठ्या भावाला, ब्रॅडला, बोलिंग खेळायला जायचंय असं सांगून गाडीतून सोडायला लावते. तो तिला उतरवतो, पण ती रस्ता ओलांडून दवाखान्याकडे जाताना त्याला दिसते. ती बाहेर येते तेव्हा ब्रॅड गाडीपाशी उभा. कोण होता विचारतो, ती सांगत नाही, तो खोदून विचारत नाही. आईबाबांना सांगणार नाहीस ना, म्हणते. नाही म्हणतो. आणि खाऊया का काहीतरी, असं विचारतो. माझ्या मते या सगळ्या जातीच्या सिनेमांतला हा सर्वांत माणुसकीचा प्रसंग आहे. त्यात कोणी कोणावर उपकार करत नाही.

---

पडद्यामागचा

@चैत्रपालवी, ब्रॅडच्या प्रसंगाबद्दल शंभर टक्के सहमत. पण कॅरनला सिनेमा खलनायिका करतो हे मला पटत नाही. प्रेक्षक करतात, सिनेमा नाही. त्या स्वयंपाकघरात एक वाक्य टाकलं असतं, 'माफ कर गॅरी' किंवा 'तू समजतोस तसं नाही', तर तिचा निवाडा झाला असता. दिग्दर्शकाने तिला गप्प ठेवलं. ती का परत गेली हे गॅरीला कळत नाही आणि आपल्याला त्याच्याहून जास्त कळू दिलेलं नाही. सतराव्या वर्षी असंच होतं ना? कोणी आपल्याला का नको म्हणालं हे कारणासकट कोण सांगतं?

मदतीचं बिल वसूल करायचं नसतं, हे मान्य. पण ते गॅरीला अजून ठाऊक नाही, आणि ते त्याला त्या दारात उभं राहून एका क्षणात कळतं. माझ्या दृष्टीने शेवट त्याचाच आहे.

---

अश्दोदकर

धागा बघून राहवलं नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. घराणं मूळ रेवदंड्याकडचं, माझा जन्म मात्र इस्राएलमधला. घरात आई-बाबा मराठीच बोलायचे म्हणून इथे वाचत असतो, लिहितो क्वचित.

तुम्ही ज्या सिनेमाबद्दल बोलताय तो मूळचा आमच्याकडचा. १९७८चा 'एस्किमो लिमोन', म्हणजे लिंबाची आईसकांडी. दिग्दर्शक तोच, बोआझ डेव्हिडसन. निर्माते मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस हे चुलतभाऊ. १९७९ साली दोघांनी अमेरिकेतली कॅनन ही कंपनी घेतली आणि मग डेव्हिडसनने आपलाच सिनेमा तिथे नव्याने केला. छायाचित्रकारही तोच, अ‍ॅडम ग्रीनबर्ग, ज्याने पुढे 'टर्मिनेटर' चित्रित केला.

मूळ सिनेमात गॅरीच्या जागी बेन्झी, रिकच्या जागी मोमो, जाड्या मित्र युदाले आणि मुलगी निली. काळ १९५०च्या दशकाची अखेर, गाव तेल अवीव. डेव्हिडसनने तो स्वतःच्या पोरवयावर बेतलाय. इथे त्याची १३ लाखांच्या आसपास तिकिटं खपली, तेव्हा देशाची लोकसंख्या चाळीस लाखही नव्हती. म्हणजे तीन माणसांमागे एक तिकीट. माझ्या आईबाबांच्या पिढीत तो बघितला नाही असं माणूस शोधावं लागेल. बर्लिनच्या महोत्सवात गेला, परदेशी चित्रपटासाठी गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं. जर्मनीत तर त्याचे पुढचे भाग इतके चालले की मालिका वर्षानुवर्षं लांबत गेली. ते पुढचे भाग बघू नका, त्यात फक्त उघडी अंगं उरली, काळीज गेलं.

आता मुद्दा. हसू आणि रडू एकाच ताटात वाढायची सवय आमच्याकडे या सिनेमाच्या आधीपासून होती. साठ-सत्तरच्या दशकात इथे 'बुरेकास' म्हणून ओळखले जाणारे सिनेमे निघत. गरीब वस्तीतली माणसं, मोरोक्को-इराककडून आलेली कुटुंबं विरुद्ध युरोपातून आलेली सुखवस्तू, त्यांची लग्नं, भांडणं, मोठ्याने हसणं आणि मोठ्याने रडणं. डेव्हिडसनने 'एस्किमो लिमोन'च्या आधी असेच सिनेमे केले होते, १९७४चा 'चार्ली आणि दीड' त्यातलाच. तेव्हा अमेरिकन प्रेक्षकाला शेवटी जो धक्का बसला तो आमच्या लोकांना त्या मानाने कमी बसला. माझी आई म्हणायची, आपल्या हिंदी पिक्चरसारखाच आहे, फक्त कपडे कमी.

आणि एक. १९५०च्या दशकात इथे गर्भपात बेकायदेशीर होता. कायदा बदलला १९७७ साली, म्हणजे मूळ सिनेमा आला तेव्हा विषय ताजा होता. बेन्झी निलीला घेऊन जातो तेव्हा पैशांच्या काळजीबरोबर चोरीची भीतीही आहे. अमेरिकेत १९७३पासून परवानगी होती, त्यामुळे गॅरीची अडचण उरते ती फक्त पैशांची आणि लपवालपवीची.

---

चैत्रपालवी

@अश्दोदकर, मनापासून आभार. हे वाचायला मिळतं म्हणून तर इथे यायचं. निलीला मूळ सिनेमात जास्त जागा आहे का? म्हणजे तिची बाजू दिसते का?

---

अश्दोदकर

थोडी जास्त, पण खूप नाही. फरक वातावरणाचा आहे. तिथे मोहल्ला लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे निलीला कुठे तोंड दाखवायला जागा नाही हे न सांगता कळतं. म्हणून ती मोमोकडे परत गेली तर मला राग कमी येतो. ज्याने नाव घालवलं त्याच्याच हातात हात असला की लोकांची तोंडं बंद होतात. हा हिशेब सिनेमा मांडत नाही, मी मांडतोय. पण तेल अवीवच्या त्या गल्लीत तो बसतो, लॉस एंजेलिसच्या मोकळ्या रस्त्यांवर बसत नाही.

---

गिरगावकर

वरचा शेवटचा मुद्दा वाचून 'बालक-पालक' (२०१३) आठवला. रवी जाधवांचा. चाळीतली ज्योतीताई एकदम घर सोडून जाते, मोठी माणसं कुजबुजतात, आणि ती का गेली हे पोरांना कोणी सांगत नाही. तिथून सगळी चावट शोधमोहीम सुरू होते. व्हीसीआर, भाड्याची कॅसेट, घरचे बाहेर गेल्याची संधी साधणं. थिएटरात लोक गडाबडा लोळत होते. पण सुरुवातीला एका मुलीची बेअब्रू आहे हे विसरायचं नाही, आणि सिनेमाही विसरत नाही. पोरांना सगळं 'कळल्यावर' त्यांची आपसातली जी निरागस मैत्री होती ती पूर्वीसारखी राहत नाही. कालपर्यंत मांडीला मांडी लावून बसणारी पोरं-पोरी एकमेकांकडे बघायला कचरतात. तो प्रेमभंग नाही, पण तुटलंय काहीतरी नक्की.

'शाळा'ही (२०१२) याच कुळातला म्हणता येईल का? त्यात चावटपणा सौम्य आहे, पण पोरांचं आपसातलं बोलणं, 'लाइन' वगैरे, अगदी खरं. आणि शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते तेव्हा तिच्यावर जीव जडलेल्या जोशीला कोणी विचारत नाही की तुला कसं वाटतंय.

---

आईच्या_नजरेतून

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. माझा मुलगा सोळाचा आहे. हे सिनेमे पोरांना गंभीर काही शिकवतात असं तुम्ही म्हणता, पण पोरं पहिला तासच लक्षात ठेवतात. मित्रांमध्ये बोलताना पट्टीचा प्रसंग सांगतात, संत्र्यांचा नाही. आणि वेश्येकडे जाण्याच्या प्रसंगात त्या बाईकडे सिनेमा कसा बघतो? किंवा जाड्या मित्राला सगळीकडे फक्त हसण्यासाठी ठेवलंय, त्याला मन आहे की नाही? शेवटचा घाव फक्त गॅरीसारख्या देखण्या, शहाण्या पोराला देण्याइतपतच सिनेमाला माणसं दिसतात. बाकीच्यांवर नुसतं हसायचं.

---

पडद्यामागचा

@आईच्या_नजरेतून, रागवायचं कशाला. डेव्हिडबद्दल आणि त्या बाईबद्दल तुमचं म्हणणं बिनतोड आहे. तिथे सिनेमा निर्दयच आहे.

पण पोरं पहिला तासच लक्षात ठेवतात हे मला पटत नाही. मित्रांत बोलतात पट्टीबद्दल, कारण ते बोलता येतं. शेवटाबद्दल बोलता येत नाही म्हणून बोलत नाहीत. चाळीस वर्षांनंतरही जगभरची माणसं या सिनेमाबद्दल लिहितात ती शेवटाबद्दलच. आणि माझं प्रांजळ मत सांगतो, मुलग्यांना रडणारा मुलगा पडद्यावर दिसणं हे त्या काळी दुर्मिळ होतं. तेही त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच आंबट विनोदांच्या शेजारी. उपदेशाच्या सिनेमाला सोळाचं पोर गेलंच नसतं. तुम्ही मुलासोबत बसून 'फास्ट टाइम्स' बघाल का? अवघडल्यासारखं होईल, पण ब्रॅडच्या प्रसंगानंतर बोलायला खूप काही मिळेल.

---

रात्रीचा_शो

नंतरच्या सिनेमांनी हा शेवट का टाळला याचं कारण सरळ आहे : पैसा. १९९९चा 'अमेरिकन पाय' साधारण एक कोटी दहा लाख डॉलरमध्ये बनला आणि तेवीस कोटींच्या वर कमावून गेला. त्यात प्रत्येकाला शेवटी काहीतरी मिळतं. एकदा ते गणित जमलं की कोणता निर्माता पोराला रडत घरी पाठवेल?

पण 'सुपरबॅड' (२००७) मात्र बघाच. शिव्या आणि अश्लील विनोद ऐकवत नाहीत इतके. सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग यांनी तो तेरा वर्षांचे असल्यापासून लिहायला घेतला होता, म्हणून पोरांचं बोलणं अस्सल. रात्रभर दारू आणि पोरींमागे धावपळ, आणि खरं दुःख वेगळंच : दोघा जिवलग मित्रांना वेगवेगळ्या कॉलेजांत जायचंय आणि ते दोघंही त्यावर बोलत नाहीत. शेवटी मॉलमध्ये दोघांना मुली भेटतात, म्हणजे जे हवं होतं ते मिळतं. एक सरकत्या जिन्यावरून खाली जातो, दुसरा वरून बघत राहतो. मुलगी मिळाल्याच्या क्षणीच मित्र हातातून सुटतो. गॅरीच्या शेवटाच्या तोडीचा वाटला मला.

---

चैत्रपालवी

@रात्रीचा_शो, जिन्याचा प्रसंग अप्रतिम आहे, +१. आणि बघा, तिथे कोणा मुलीला दोषी धरायची गरज पडली नाही.

---

रागदारी_ते_रॉक

@अश्दोदकर, मूळ हिब्रू आधी बघावा की अमेरिकन? आणि गाणी तिथली कशी आहेत?

---

अश्दोदकर

आधी हिब्रू. अमेरिकन सिनेमा आधी बघितला तर मूळ सिनेमा त्याची जुनी, धुरकट प्रत वाटेल आणि अन्याय होईल. उलट क्रमाने बघितलं तर कळतं की काय काय बदललं आणि काय तसंच ठेवलं. काही प्रसंग तर चौकटीसकट सारखे आहेत.

गाणी सगळी अमेरिकन रॉक अँड रोल. लिटल रिचर्ड, पॉल अँका, असा मामला. शेवटी बॉबी व्हिंटनचं 'मिस्टर लोनली' वाजतं. ते १९६२च्या अल्बममधलं, १९६४मध्ये गाजलेलं गाणं, म्हणजे कथेच्या काळात ते अजून आलेलंच नव्हतं. इथे आजवर कोणाला खटकलेलं मी ऐकलेलं नाही. इंग्रजी उपशीर्षकांची प्रत शोधा, डब केलेली घेऊ नका. डबिंगमध्ये बेन्झीच्या आवाजातला कंप जातो, आणि शेवटच्या प्रसंगाआधीचा त्याचा प्रत्येक संवाद त्या कंपावर उभा आहे.